बालकांची लस आणि शेजारधर्म

(महोत्सवाच्या सप्ताहात भरलेल्या पालकांच्या सभेतील भाषण)



या सप्ताहात आपल्या धर्मग्रामाच्या गतकाळाविषयी पुष्कळ बोलून झाले. आज आम्हांस पुढच्या पिढीविषयी, म्हणजे तुमच्या मांडीवर बसलेल्या बालकांविषयी दोन शब्द बोलावयाचे आहेत. बाळास लस टोचावी की न टोचावी, टोचल्यास काही अपाय तर होणार नाही ना, असले प्रश्न घेऊन अलीकडे पुष्कळ मातापिता आमच्याकडे येतात. प्रश्न वैद्यकाचा, आणि उत्तर मात्र धर्मगुरूकडे मागावे हे कसे, असे कोणी म्हणेल. आम्ही वैद्य नव्हे, हे खरेच. औषधाची मात्रा सांगणे आमचे काम नव्हे. परंतु ज्या प्रश्नात आपल्या लेकराची काळजी आणि शेजाऱ्याच्या लेकराचे प्राण ही दोन्ही गुंतलेली आहेत, तो प्रश्न सदसद्विवेकबुद्धीचाही असतो. एतदर्थ या विषयावर बोलणे आम्ही आपले कर्तव्य समजतो.

सर्वांच्या तोंडी असलेला पहिला आक्षेप असा, की गोवर हा काही मोठा रोग नव्हे. पूर्वी तो घरोघर येत असे, आणि आम्ही जगलोच ना! जे जगले ते आज असे म्हणावयास हयात आहेत. जे दगावले त्यांची साक्ष या सभेत कोण काढणार? गोवर मुख्यतः फुप्फुसे सुजवून बालकांचे प्राण घेतो. सुमारे हजार रोग्यांमागे एकाच्या मेंदूस सूज येते. दुबळ्या, कुपोषित मुलांची दृष्टी त्यापायी जाते. शिवाय इतर रोगांशी झगडण्याची जी शक्ती शरीराने पूर्वी मिळविलेली असते, तिचाही काही अंश हा रोग पुसून टाकतो. म्हणून गोवर उतरल्यावरही कित्येक महिने मूल आजारी पडत राहते. एकट्या 2023 साली जगात सुमारे 1 लाख 7 हजार माणसे, बहुतेक बालकेच, गोवराने मेली असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, पोलिओ यांचीही कथा अशीच आहे. हे रोग आज क्वचित दिसतात म्हणून ते सौम्य वाटतात. आणि ते क्वचित दिसतात याचे मोठे कारण लसच होय.

याचा पुरावा पाहावयास लांब जाण्याचे प्रयोजन नाही. या सभेत जे वडीलधारे बसले आहेत, त्यांच्या दंडावर देवी काढल्याचे वण अद्याप आहेत. देवीच्या रोगाने दर दहा रोग्यांपैकी सुमारे तीन मरत. जे वाचत त्यांचे चेहरे विद्रूप होत, कित्येकांचे डोळे जात. 1796 साली इंग्लंडात एडवर्ड जेन्नर यांनी गाईच्या देवीची लस एका मुलास टोचून पाहिली. ती लस व्हिएन्नाहून बगदाद व बसरा या मार्गाने मुंबईस पोहोचली, आणि 14 जून 1802 रोजी ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीस ती टोचण्यात आली. हिंदुस्थानात यशस्वी रीतीने लस टोचलेले हे पहिले बालक होय. त्या मुलीच्या दंडावरूनच पुढे इतर मुलांस लस मिळाली. 1975 साली आपल्या देशातून हा रोग गेला, आणि 1980 साली तो सर्व पृथ्वीवरून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. म्हणूनच आजच्या तरुणांच्या दंडावर तो वण नाही. तो असण्याची आवश्यकताच उरली नाही.

आता कोणी विचारील, की लस जर इतकी गुणकारी, तर लोक तिला विरोध का करीत आले? ते सर्व मूढ होते काय? बंधुभगिनींनो, तसे आम्ही म्हणणार नाही. इंग्लंडात 1853 साली देवी काढण्याची सक्ती झाली आणि न काढणाऱ्या गरिबांस दंड होऊ लागले. तेव्हा लोक संतापले. 1885 साली लेस्टर नगरात सहस्रावधी लोकांनी मिरवणूक काढून निषेध केला. त्यांच्या तक्रारीत काही तथ्य होते. त्या काळी एका मुलाच्या दंडावरील लस काढून दुसऱ्यास टोचीत, आणि क्वचित तिच्याबरोबर भलताच रोगही जाई. अखेर 1898 साली तेथे ती रीत बंद झाली, वासरापासून तयार केलेली लस प्रचारात आली, आणि ज्या पालकांचे मन लस घेण्यास धजत नसेल त्यांस कायद्याने सूट दिली. आक्षेप ऐकून घेतल्याने लस अधिक निर्धोक झाली. म्हणून ज्या मातेच्या मनात शंका आहे, तिचा कोणी उपहास करू नये. शंकेस हसणारा मनुष्य शंका घालवीत नाही, ती दडवावयास मात्र लावतो.

परंतु भीतीचे कारण खरे असले, तरी त्या भीतीतून काढलेला निष्कर्ष खरा असतोच असे नाही. याची दोन उदाहरणे आम्ही सांगतो. एक आपल्या देशातील, एक परदेशातील.

1896 साली मुंबईत प्लेग आला, तेव्हा हाफकिन नामक शास्त्रज्ञाने येथे प्लेगची लस तयार केली, आणि 10 जानेवारी 1897 रोजी ती प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. पुढे सहस्रावधी लोकांनी ती घेतली. 1902 साली पंजाबातील मुल्कोवाल गावी एका बाटलीतील लस टोचलेली 19 माणसे धनुर्वाताने मेली. केवढा हा अनर्थ! सर्व दोष हाफकिन यांच्या माथी आला व त्यांस पदावरून दूर व्हावे लागले. पण पुढील तपासात असे दिसून आले, की बाटली उघडताना जो चिमटा वापरला तो भूमीवर पडलेला होता, आणि तो नीट निर्जंतुक न करताच पुन्हा कामात घेतला गेला. 1907 साली हाफकिन निर्दोष ठरले. मुंबईतील परळच्या ज्या संस्थेस आज त्यांचे नाव आहे, ती पुष्कळांच्या परिचयाची असेल.

दुसरे उदाहरण पॅसिफिक महासागरातील समोआ बेटांचे. तो देश ख्रिस्ती असून त्यात आपले कॅथलिक बंधूही पुष्कळ आहेत. 2018 सालच्या जुलै महिन्यात तेथे गोवराची लस टोचल्यावर दोन बालके काही मिनिटांतच दगावली. लशीची पूड पाण्यात कालवावयाची असते; परिचारिकांनी चुकून पाण्याऐवजी स्नायू शिथिल करणारे औषध घातले होते. हा दोष लशीचा नव्हता. तथापि सरकारने कित्येक महिने गोवराची लस देणेच थांबविले, आणि अफवा पसरविणारांस रान मोकळे मिळाले. मातापित्यांचा विश्वास उडाला. त्या वर्षी लस मिळालेल्या बालकांचे प्रमाण शेकडा 31 वर आले. पुढल्याच वर्षी, म्हणजे 2019 साली, गोवराची साथ आली. सुमारे दोन लाख वस्तीच्या त्या लहानशा देशात 5,700 हून अधिक लोक आजारी पडले आणि 83 मेले. त्यांत बहुतेक पाच वर्षांच्या आतील बालके. डिसेंबरात सरकारने सर्व कचेऱ्या दोन दिवस बंद ठेवल्या, आणि ज्या घरी लस घ्यावयाची राहिली असेल त्या घरापुढे तांबडे फडके टांगावयास सांगितले. मग परिचारिका दारोदार फिरल्या. दोन बालकांच्या मृत्यूचा शोक खरा होता. परंतु त्या शोकातून उपजलेल्या भयाने आणखी कितीतरी घरे ओस केली.

काही भये अशी असतात की त्यांच्या बुडाशी अपघातही नसतो, असत्यच असते. 1998 साली एका इंग्रज डॉक्टराने केवळ 12 मुलांच्या आधारे एक लेख छापून, गोवर, गालगुंड व रुबेला यांच्या एकत्रित लशीचा आणि स्वमग्नता या मनोविकासाच्या व्यंगाचा संबंध सुचविला. लस करणारांवर दावा लावू पाहणाऱ्या वकिलाकडून आपण पैसे घेतले आहेत, ही गोष्ट त्याने दडवून ठेवली होती. 2010 साली तो लेख रद्द करण्यात आला व त्या डॉक्टराचे नाव वैद्यांच्या पटावरून काढून टाकण्यात आले. 2019 साली डेन्मार्क देशातील 6,57,461 मुलांची पाहणी प्रसिद्ध झाली. लस घेतलेल्या व न घेतलेल्या मुलांत त्या व्यंगाच्या बाबतीत काही अधिकउणे आढळले नाही. तरी तो 12 मुलांचा लेख अजून लोकांच्या मनात घर करून आहे, आणि ही साडेसहा लाखांची गोष्ट कोणास ठाऊक नाही!

तर मग लशीने काहीच होत नाही काय? होते, आणि ते लपवून ठेवणे आम्हांस मान्य नाही. टोचल्या जागी दुखते, मूल किरकिरते, एकदोन दिवस ताप येतो. गोवराच्या लशीनंतर आठवड्याभराने थोडा ताप वा पुरळ दिसू शकतो. क्वचित तापाने झटका येतो. तीव्र प्रतिक्रिया सुमारे दहा लाख मात्रांमागे एखादी उद्भवते, आणि तिच्यासाठीच लस टोचल्यावर अर्धा तास तेथे बसावयास सांगतात. ज्या मुलाची रोगप्रतिकारशक्ती एखाद्या आजाराने वा औषधाने अत्यंत क्षीण झाली आहे, त्यास गोवराची लस देत नाहीत. ही हकीकत परिचारिकेस आधी सांगावी.

आता जो प्रश्न केवळ आमच्याचकडे येतो, त्याचा विचार करू. रुबेलाच्या लशीतील विषाणू ज्या मानवी पेशींत वाढवितात, त्यांचा मूळ वंश 1960 च्या दशकात गर्भपात झालेल्या गर्भापासून घेतलेला आहे. मग ती लस कॅथलिकांनी घ्यावी काय? ज्यांस हा प्रश्न टोचतो, त्यांची सदसद्विवेकबुद्धी जागी आहे, याचा आम्हांस संतोष वाटतो. गर्भपात हे घोर पाप आहे, या शिकवणुकीत तिळमात्र फरक नाही. परंतु लस करण्यासाठी आज नवा गर्भपात करावा लागत नाही, आणि लस घेणारे पालक त्या जुन्या कृत्यात सहभागी होत नाहीत. रोम येथील जीवनविषयक परमधर्मपीठीय अकादमीने 2005 व 2017 साली या प्रश्नाचा खल केला. निर्दोष मार्गाने केलेल्या लशींची मागणी ख्रिस्ती जनांनी अवश्य करावी. परंतु त्या नसतील तेथे बालकांच्या व इतरांच्या रक्षणासाठी या लशी घेण्यास प्रत्यवाय नाही, असा तिचा अभिप्राय आहे. 2020 सालच्या डिसेंबरात, कोरोनाच्या लशींचा प्रश्न आला तेव्हा, श्रद्धातत्त्वांचे जतन करणाऱ्या रोमच्या धर्मपीठानेही त्याच दिशेने निर्णय दिला. लस सामान्यतः ऐच्छिक असावी, असे त्याने म्हटले. परंतु जो मनोदेवतेस स्मरून ती नाकारील, त्याने आपल्यामुळे दुर्बलांस रोग होऊ नये म्हणून होईल तितकी खबरदारी घेतली पाहिजे, हेही त्याच निर्णयात आहे. पुष्कळ लोक त्यातील पहिले वाक्य तेवढे पाठ करतात आणि दुसरे विसरतात.

आमचे मुख्य म्हणणे या दुसऱ्या वाक्याविषयीच आहे. आपल्या देशात गोवराची पहिली लस बालकास नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात. म्हणजे त्या वयाआतील बाळाजवळ आईकडून मिळालेल्या, आणि दिवसेंदिवस ओसरत जाणाऱ्या शक्तीवाचून दुसरे संरक्षण नसते. असे बाळ आपण सर्व जण कोठे पाहतो? याच मंदिरात, स्नानसंस्काराच्या दिवशी. आईबाप त्यास पांढरे झबले घालून आणतात; आपण सारे कौतुकाने त्याचा गालगुच्चा घेतो. गोवराचा एक रोगी लस न घेतलेल्या बारा ते अठरा जणांस रोग देऊ शकतो, आणि रोगी निघून गेल्यावरही त्याचे विष खोलीतील हवेत दोन तासांपर्यंत राहते. पुरळ उठण्यापूर्वी चार दिवस तो इतरांस लागू लागतो. तेव्हा घरच्यांस वाटते, की पोरास साधे पडसे आहे. पुढच्या बाकावरील अशा मुलाने त्या बाळास काय दिले, हे त्याच्या आईबापांस पुढे आठदहा दिवसांनी कळावयाचे. शंभरातील पंचाण्णव जणांनी लशीच्या दोन मात्रा घेतल्या, तरच रोगास त्या बाळापर्यंत पोहोचावयास वाट सापडत नाही. 2022 साली मुंबईच्या गोवंडी भागात व पुढे मालेगाव, भिवंडी येथे साथ उसळली, आणि बालके दगावली. कोरोनाच्या काळात राहून गेलेल्या लशी हे तिचे एक कारण होते. तेव्हा सहा महिन्यांच्या बाळांसही काही ठिकाणी जादा मात्रा द्यावी लागली.

म्हणून आमची विनंती थोडक्यात ऐका. बाळाचे लसीकरणाचे कार्ड घरी गेल्यावर काढून पाहा. जन्मल्याबरोबरच्या लशी, मग सहा, दहा व चौदा आठवड्यांच्या, नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेलाची पहिली व सोळा ते चोवीस महिन्यांत दुसरी, पुढे पाचव्या-सहाव्या, दहाव्या आणि सोळाव्या वर्षीच्या, यांपैकी काय राहिले ते तपासा. सरकारी आरोग्यकेंद्रात या लशी विनामूल्य मिळतात. गोवर-रुबेलाची राहिलेली मात्रा पाच वर्षांपर्यंत देतात, म्हणून वेळ टळली असे समजून स्वस्थ बसू नका. साधे पडसे असले म्हणून लस पुढे ढकलू नका. ताप व पुरळ असलेल्या मुलास, पुरळ उठल्यापासून चार दिवस होईपर्यंत, मिस्सेसही आणू नका; त्याला घरी ठेवणे ही त्या दिवशीची तुमची भक्ती समजा. आणि ज्यांची शंका अजून फिटली नसेल, त्यांनी ती मनात न ठेवता डॉक्टरांकडे, आशाताईंकडे, अथवा आमच्याकडे यावे. कोणी रागावणार नाही.

येत्या रविवारी चार बालकांचा स्नानसंस्कार आहे. त्यांतील एकही नऊ महिन्यांचे नाही. त्यांचे रक्षण त्यांच्या आईबापांच्या हाती जितके आहे, तितकेच ते तुमच्याही हाती आहे. प्रभू तुम्हांस व तुमच्या लेकरांस सुखरूप ठेवो.