चल सांधे आणि अचल सांधे



सांध्याचे महत्त्व भिलाईच्या रहिवाशांना नव्याने पटवून देण्याचे कारण नाही. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले आणि पुढे भिलाईचे रूळ देशभर पोहोचले. रुळांच्या दोन तुकड्यांमध्ये पूर्वी मुद्दाम थोडी फट ठेवीत असत. कारण उन्हाने पोलाद लांबते, त्याला जागा लागते. जोडावे, पण जखडू नये, हे सूत्र मानवी सांगाड्यातही आढळते.

प्रौढ माणसाच्या शरीरात साधारणतः २०६ हाडे असतात. ती जेथे एकत्र येतात, त्या स्थानांना सांधे म्हणतात. सुश्रुतसंहितेत २१० संधी सांगितले असून त्यांचे चेष्टावान, म्हणजे हालणारे, आणि स्थिर असे दोन भाग केले आहेत. कवटीच्या हाडांच्या जोडाला तेथे ‘तुन्नसेवनी’, म्हणजे शिवण, असे नाव आहे; तर काखेतील व जांघेतील सांध्यांना ‘उलूखल’, म्हणजे उखळ. आजही आपण उखळीचा सांधा असेच म्हणतो.

कवटीच्या शिवणी हे अचल सांध्यांचे ठळक उदाहरण होय. तेथे हाडांच्या दंतुर कडा एकमेकींत घट्ट गुंतलेल्या असतात, कारण आतील मेंदूला संरक्षण हवे. परंतु जन्मतः त्या तशा नसतात. प्रसूतीच्या वेळी ही हाडे किंचित एकमेकांवर सरकतात, म्हणूनच बाळाचे डोके अरुंद मार्गातून बाहेर येऊ शकते. पुढची टाळू साधारणपणे दीड वर्षाच्या सुमारास भरते. एखादी शिवण अकाली मिटली, तर डोक्याचा आकार बिघडतो आणि क्वचित मेंदूवर दाब येतो. अचल सांध्यालाही अचल होण्याची योग्य वेळ असते.

चल सांध्यांची रचना निराळी आहे. कोपर बिजागरीप्रमाणे चालते. खांदा व खुबा हे दोन्ही उखळीचे सांधे. पण खांद्याची उखळ उथळ, म्हणून हात चहूकडे फिरतो आणि खांदा निखळतोही लवकर. खुब्याची उखळ खोल. तेथे हालचाल कमी, परंतु आधार भक्कम. निसर्गाने एक दिले की दुसऱ्यात काटकसर केली आहे.

या सांध्यांत हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चेचे आवरण असते. प्रौढ माणसाच्या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण मुख्यतः सांध्यातील वंगणासारख्या द्रवातून होते. सांधा दबला व सुटला की स्पंजाप्रमाणे हा द्रव तिच्यात ये-जा करतो. याचा अर्थ असा की, हालचाल हेच सांध्याचे अन्न आहे.

येथेच एक घातक गैरसमज दूर केला पाहिजे. खांदा दुखू लागला की मनुष्य हात हलविणे सोडतो. काही आठवड्यांत सांध्याभोवतीचे आवरण आखडते आणि मग केस विंचरणेही अशक्य होते. मोडलेल्या हाडाला प्लास्टर हवे, सुजलेल्या व तापलेल्या सांध्याला विश्रांती व वैद्यकीय उपचार हवेत, यात शंका नाही. परंतु डॉक्टरांनी अनुज्ञा देताच व्यायाम सुरू न करणे म्हणजे निसर्गाने चल ठेवलेला सांधा आपल्या हाताने अचल करणे होय. यंत्र न वापरता पडून राहिले की गंजते, हे पोलादाच्या या नगरीला ठाऊकच आहे.