पित्ताची गोळी घेण्यापूर्वी

(संस्थेच्या आरोग्यविषयक कार्यक्रमातील व्याख्यानाचा मजकूर)



आज आम्ही एका साध्या वाटणाऱ्या वस्तूविषयी बोलणार आहोत. ती म्हणजे पित्ताची गोळी. जागरण झाले, तिखट-तेलकट जास्त झाले, उपाशीपोटी चहावर चहा झाला, की छातीत जळजळते आणि आंबट पाणी घशाशी येते. मग नाक्यावरच्या औषधाच्या दुकानातून गोळी येते. शेजारी शेजाऱ्याला देतो, आई मुलाला देते. वास्तविक ओमेप्राझोल, पँटोप्राझोल या गोळ्यांच्या वेष्टनावर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये असा इशारा छापलेला असतो. तो कोणी वाचत नाही. म्हणून गोळी तोंडात टाकण्यापूर्वी पाच प्रश्न स्वतःला विचारा, एवढेच आमचे सांगणे आहे.

पहिला प्रश्न : हे दुखणे खरोखर पित्ताचेच आहे काय? हृदयविकाराचा झटका पुष्कळदा छातीतील जळजळ किंवा पोटाच्या वरच्या भागातील दुखणे म्हणून सुरू होतो. छातीवर दडपण, दरदरून घाम, धाप, डाव्या हातात, जबड्यात वा पाठीत जाणारी कळ असेल तर "गॅस झाला असेल" म्हणून गोळी घेऊन पडून राहू नका. विशेषतः मधुमेही, वयस्क आणि स्त्रिया यांच्यात ही लक्षणे अस्पष्ट असतात. अशा वेळी १०८ क्रमांकाला फोन करावा व तडक रुग्णालय गाठावे. येथे गेलेला अर्धा तासही जिवावर बेतू शकतो.

दुसरा प्रश्न : त्रास कशामुळे होतो? अंगदुखी-गुडघेदुखीसाठी घेतलेल्या डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन अशा गोळ्यांनी जठराला जखम होते. तंबाखू, दारू यांनी ती चिघळते. पूर्वी अल्सर हा काळजीने आणि तिखटाने होतो असे मानत. परंतु १९८२ साली ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांनी जठरातील एक जंतू शोधून काढला व पुष्कळशा अल्सरचे मूळ तोच आहे हे पुढे सिद्ध झाले. त्यांना २००५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हा जंतू प्रतिजैविकांच्या ठरावीक उपचाराने जातो. नुसती पित्ताची गोळी खाऊन जात नाही. उलट गोळी चालू असताना श्वासाची किंवा शौचाची तपासणी केली तर जंतू असूनही तो सापडत नाही. म्हणून तपासणीपूर्वी आपण कोणती गोळी घेतो हे डॉक्टरांना अवश्य सांगावे.

काळी डांबरासारखी शौचास होणे, रक्ताची उलटी, घास अडकणे, कारण नसता वजन उतरणे, अंगात रक्त कमी होणे ही धोक्याची चिन्हे होत. गोळीने दुखणे दबते, पण आतील कर्करोगही तेवढे दिवस लपून राहू शकतो.

तिसरा प्रश्न : आणखी कोणती औषधे चालू आहेत? हृदयरोग्यांना रक्त गोठू नये म्हणून क्लोपिडोग्रेल देतात. ओमेप्राझोलमुळे त्याचा परिणाम कमी होतो. ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमयुक्त पातळ औषधामुळे क्षयरोगावरील आयसोनियाझिड, सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी प्रतिजैविके, लोहाच्या गोळ्या यांचे शोषण घटते. थायरॉइडची गोळी आणि असे औषध यांत चार तासांचे अंतर ठेवावे. सर्व गोळ्यांच्या पट्ट्या एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवणे हा सर्वांत सोपा उपाय आहे.

चौथा प्रश्न : माझ्या शरीराला ही गोळी मानवेल काय? मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमचे औषध आपल्या मनाने घेऊ नये. खाण्याच्या सोड्यात व फसफसणाऱ्या चूर्णात सोडियम भरपूर असते. रक्तदाब व हृदयविकार असणाऱ्यांनी ते टाळावे. यकृताचा विकार असणारे, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या माता आणि लहान मुले यांच्यासाठी निर्णय डॉक्टरांनीच घ्यावा. तसेच गोळीच्या नावाखालील बारीक अक्षरे वाचा. पुष्कळ कॅप्सूलमध्ये पँटोप्राझोलबरोबर डॉम्पेरिडोन हे दुसरे औषध असते. त्याने काहींच्या हृदयाचे ठोके बिघडतात, म्हणून युरोपातील औषध नियंत्रकांनी २०१४ साली त्याचा वापर साधारणतः एका आठवड्यापुरता मर्यादित केला.

पाचवा प्रश्न : किती दिवस? ओमेप्राझोल, पँटोप्राझोल या गोळ्या जेवणापूर्वी अर्धा ते एक तास घ्याव्यात, चावू नयेत. जठरातील आम्ल हा काही आपला शत्रू नव्हे. ते अन्नाबरोबर आलेले जंतू मारते, लोह व बी-१२ अंगी लागण्यास मदत करते. वर्षानुवर्षे गोळी घेतल्यास बी-१२ व मॅग्नेशियम कमी होऊ शकते, हाडे मोडण्याचा धोका वाढलेलाही आढळला आहे. बरेच दिवसांची गोळी एकदम बंद केली की आम्ल काही काळ अधिकच सुटते आणि आजार उलटला असे वाटते. म्हणून ती डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू सोडावी. ज्यांना ती अल्सरमुळे किंवा ॲस्पिरिनबरोबर मुद्दाम दिली आहे, त्यांनी मात्र आमचे भाषण ऐकून बंद करू नये.

जुन्या ओळखीच्या औषधावरही डोळे मिटून विश्वास ठेवू नये. रॅनिटिडीन घरोघरी होती. २०१९ मध्ये तीत कर्करोगास कारण ठरू शकणारे एनडीएमए हे द्रव्य आढळले. २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ती बाजारातून काढण्यास सांगितले आणि २०२२ मध्ये भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतूनही ती वगळण्यात आली.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या घरात शिकलेले तुम्हीच आहात. आज घरी गेल्यावर आई-वडिलांच्या, आजी-आजोबांच्या पट्ट्या बाहेर काढा, नाव व मुदत वाचा, आणि ही गोळी कोणी व कधीपासून दिली ते विचारा. उत्तर मिळाले नाही, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारा. वेळेवर जेवण, रात्रीचे जेवण व झोप यांत दोन-तीन तासांचे अंतर, तंबाखूला रजा, एवढ्यानेही अनेकांची गोळी सुटेल.