असईचा जर्मन सेनानी



नेपोलियनच्या काळांतील जर्मन सेनाधिकारी म्हटले कीं प्रशियाचे तोफखाने व युरोपांतील रणांगणें डोळ्यांपुढें उभीं राहतात. परंतु त्याच काळांतील एका जर्मनाच्या सेनापतित्वाची कसोटी आपल्या जालना जिल्ह्यांत, धावडा-भोकरदनच्या मुलखांत, असई गांवीं लागली. त्याचें नांव अँथनी पोलमन.

पोलमन मूळचा हॅनोव्हरचा. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज हाच तेव्हां हॅनोव्हरचाही अधिपति असल्यामुळें तेथील शिपाई कंपनीच्या चाकरींत हिंदुस्थानांत येत. पोलमन कंपनीकडे सार्जंट होता; ती चाकरी टाकून तो शिंद्यांच्या फौजेंत आला. महादजी शिंद्यांनीं डी बॉयनच्या हातून कवायती कंपू उभारले होते आणि त्यांच्यासाठीं आग्र्यास उत्तम पितळी तोफा ओतल्या जात. या फौजेंत पोलमन पायरी-पायरीनें चढला व एका कंपूचा मुख्य झाला. पुढें त्याचा थाट एखाद्या नबाबाचा होता. प्रवास हत्तीवरून, आणि भोंवतीं जांभळ्या पोषाखांतील मोगल रक्षक.

31 डिसेंबर 1802 रोजीं वसईचा तह झाला आणि त्यांतून पुढल्या वर्षीं युद्ध पेटलें. 1803 च्या उन्हाळ्यांत फ्रेंचांनीं हॅनोव्हर व्यापलें. म्हणजे पोलमनची जन्मभूमि नेपोलियनच्या हातीं गेली, तेव्हां तो स्वतः गोदावरीच्या खोऱ्यांत, तिच्या अधिपतीच्याच इंग्रजांविरुद्ध, शिंद्यांचें मीठ खात होता. त्याच सुमारास कंपनीनें जाहीरनामा काढून शिंद्यांकडील ब्रिटिश अंमलदारांस आमिष दाखविलें आणि त्यांतील पुष्कळ निघून गेले.

23 सप्टेंबर रोजीं जनरल वेलस्ली सुमारें साडेचार हजार सैन्यानिशीं केळणा नदीवर आला. पलीकडे पोलमनच्या हुकमतींत सुमारें दहा हजार कवायती पायदळ व शंभराच्या आसपास तोफा होत्या. शिवाय दौलतराव शिंदे व नागपूरकर रघूजी भोसले यांचें अफाट घोडदळ होतें. नदीच्या दोन्ही तीरांवर समोरासमोर गांवें आहेत, त्या अर्थीं तेथें उतार असलाच पाहिजे, असा तर्क करून वेलस्लीनें नदी ओलांडली व मराठ्यांच्या डाव्या बाजूवर चाल केली.

आपली फळी शत्रूस वळवितां येणार नाहीं, अशी त्याची अटकळ होती. ती खोटी ठरली. पोलमननें पलटणी सफाईनें फिरविल्या. आतां फळीचें एक टोंक केळणेवर आणि दुसरें असईपाशीं, जुई नदीकडे, आलें. तोफांच्या माऱ्यांत इंग्रजांचे तोफा ओढणारे बैल पडले. असईच्या बाजूस गेलेल्या 74 व्या पलटणीचा जवळजवळ निःपात झाला. इंग्रज संगिनी घेऊन भिडले, तरी गोलंदाजांनीं तोफा सोडल्या नाहींत. कांहीं जण मेल्याचें सोंग घेऊन तोफांखालीं पडून राहिले आणि शत्रु पुढें जातांच उठून त्याच्या पाठीवर मारा करूं लागले. त्यांना हुसकावण्यासाठीं वेलस्लीस मागें वळावें लागलें.

पण घोडदळ बहुतेक स्वस्थ राहिलें. शिंदे व भोसले लवकरच रणांगण सोडून गेले. अखेर फौज हटली. इंग्रजांचे 428 ठार व अकराशेंवर जखमी झाले. त्यांच्या हातीं 98 तोफा लागल्या. वर्ष संपण्यापूर्वीं दोन्ही दरबारांनीं तह केले.

पोलमनचें काय झालें? तो पुन्हां कंपनीच्या चाकरींत गेला. भाडोत्री सरदाराची विद्या उत्तम होती, यांत शंका नाहीं. फळी फिरविण्याची त्याची करामत खुद्द शत्रूसही अनपेक्षित होती. परंतु धनी बदलणें त्यास शक्य होतें, गोलंदाजांस नव्हतें. वेलस्ली पुढें वेलिंग्टन झाला, 1815 त वॉटर्लूस हॅनोव्हरचे शिपाई त्याच्याच हुकमतींत लढले, आणि तरीही आपल्या सर्व लढायांत तो असईसच अग्रस्थान देत असे. तें अग्रस्थान ज्यांनीं त्याला इतकें महाग पाडलें, त्या तोफांपाशीं मेलेल्या माणसांपैकीं एकाचेंही नांव इतिहासानें लिहून ठेवलेलें नाहीं.