शेलापागोटे



थंडी पडू लागली, सहामाही परीक्षा आटोपली, की कॉलेजांतून एक निराळेच वारे वाहू लागते. ते स्नेहसंमेलनाचे! अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड अशा मुंबईच्या उपनगरांतील कोणत्याही कॉलेजात या दिवसांत डोकावून पाहा. एका वर्गात नाटकाची तालीम चाललेली, दुसऱ्यात रांगोळीची तयारी, आणि जिन्याखाली चिटणीस वर्गणीचा हिशेब जुळवीत बसलेला. आपल्या गावच्या शाळेतही हेच असते. फक्त मांडव लहान.

मुंबई विद्यापीठ १८५७ सालचे. उपनगरांत कॉलेजे आली ती पुष्कळ नंतर. जोगेश्वरीचे इस्माईल युसुफ कॉलेज १९३० चे, अंधेरीचे भवन्स १९४६ चे, मुलुंडचे वझे कॉलेज तर १९८४ चे. पवईची आय.आय.टी. १९५८ साली स्थापन झाली, आणि तिथल्या विद्यार्थ्यांनी १९७१ साली सुरू केलेल्या 'मूड इंडिगो' या उत्सवाला आज दर डिसेंबरात देशभरातून मुले लोटतात. पण एवढ्या मोठ्या उत्सवाची गोष्ट मला आज सांगायची नाही. साध्या स्नेहसंमेलनातल्या एका लहानशा प्रथेविषयी बोलायचे आहे. ती म्हणजे शेलापागोटे. मुले तिला 'फिशपाँड' म्हणतात.

प्रथा सोपी आहे. एक पेटी ठेवायची. कोणीही, कोणावरही, नाव न घालता दोन ओळींची चिठ्ठी टाकायची. संमेलनाच्या दिवशी त्या चिठ्ठ्या भर सभेत वाचायच्या. त्यातून प्राध्यापकही सुटत नाहीत, आणि सुटू नयेत. वर्षभर जे तोंडावर बोलता येत नाही ते एक दिवस हसत हसत बोलता यावे, यात मौज आहे आणि शहाणपणही आहे. होळीच्या बोंबा आणि तमाशातला सोंगाड्या ज्या समाजाला ठाऊक आहेत, त्याला हे निराळे समजावून सांगायला नको.

मात्र चिठ्ठी कशावर आहे, हे पाहिले पाहिजे. एका कॉलेजातली हकीकत सांगतो. खेड्यातून आलेला एक मुलगा 'पाणी'ला 'पानी' म्हणे. त्यावर चिठ्ठी आली. सभागृह हसले, तोही हसला. पण त्या दिवसापासून त्याने वर्गात तोंड उघडले नाही. प्रश्न विचारला की तो खाली मान घाली. उत्तर येत नव्हते म्हणून नव्हे. उत्तरात कुठे 'ण' येईल की काय, ही धास्ती! तीन वर्षांचे शिक्षण दोन ओळींनी असे मुके केले.

पूर्वी निदान सभागृहातले हसू सभागृहात विरून जाई. आता कोणाच्या तरी हातात मोबाईल असतो. रात्री जेवणापूर्वीच तो प्रसंग मुलाच्या गावी, त्याच्या बहिणीच्या हातातल्या फोनवर पोचलेला असतो.

यावर कोणी म्हणेल, कायदा आहे ना! आहे. महाराष्ट्राने १९९९ साली रॅगिंगविरोधी कायदा केला. विद्यार्थ्याला लाज वाटेल वा मनाला इजा होईल असे वर्तन त्यात गुन्हा मानले आहे, आणि दोन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा सांगितली आहे. पण स्नेहसंमेलनात पोलीस बोलावण्याची वेळ यावी, मग त्यातला 'स्नेह' कुठे राहिला?

मग प्रथाच बंद करावी का? मला तसे वाटत नाही. बंद केलेली पेटी फोनमध्ये उघडते, आणि तिथे तर कोणाचाच हात नसतो. त्यापेक्षा शब्दाचा अर्थ आठवावा. लग्नकार्यात मानाच्या माणसाला शेला आणि पागोटे देतात. म्हणजे ही मुळात देणगी आहे! ती घेणाऱ्याची मान वर झाली पाहिजे.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींनो, तीन गोष्टी करून पाहा. पहिली: चिठ्ठ्या आदल्या दिवशी विद्यार्थ्यांच्याच समितीने वाचाव्यात, आणि त्या समितीत एस.टी.ने येणारा मुलगा असावा, मागच्या बाकावरची मुलगी असावी. दुसरी: माणूस जे करतो त्यावर खुशाल हसावे, जे घेऊन तो जन्माला आला त्यावर नाही. उशिरा येणे, उसन्या वह्या, सरांची ठरलेली कोटी, हे सारे चालेल. रंग, जात, बोली, बापाचा धंदा, हे चालणार नाही. तिसरी: ज्याच्यावर चिठ्ठी, त्याला तिथेच उत्तर देण्याची मुभा असावी. आणि पहिले पागोटे मुख्याध्यापकांनी आपल्या डोक्यावर घ्यावे.

चिठ्ठ्या निवडता निवडता मुले जे वाद घालतील, ते मन लावून ऐका. हे बोचेल का, हे का बोचेल, असे दुसऱ्याच्या जागी उभे राहून विचारणे कोणत्याही क्रमिक पुस्तकात नसते. नाटकाचे पारितोषिक एकाला मिळते. हा धडा सगळ्यांना मिळतो.

यंदा आपल्या शाळेत मांडव पडेल, तेव्हा त्या पेटीकडे एकदा लक्ष असू द्या, एवढेच सांगणे.