आगगाडींतील शिदोरी आणि झोंप

मनुष्य घरीं कसा जेवतो आणि कसा निजतो हें घरच्या माणसांनाच ठाऊक असतें. आगगाडींत मात्र या दोन्ही गोष्टी चारचौघांच्या देखत कराव्या लागतात. त्यामुळें एखाद्या समाजाची आगगाडींतील पंगत आणि शेज पाहिली, म्हणजे त्या समाजाचें अंतरंगही बरेंचसें दिसून येतें.

खान्देशाला हा विषय परका नाहीं. मुंबईहून निघालेला आणि कलकत्त्याहून आलेला असे दोन लोहमार्ग १८७० सालीं जबलपुरास एकमेकांस मिळाले, तेव्हांपासून चाळीसगांव, जळगांव व भुसावळ हीं गांवें देशाच्या हमरस्त्यावर आलीं. १९०० सालीं चाळीसगांवाहून पस्तीस मैलांचा फांटा धुळ्यास गेला आणि धुळेकरांनाही तो रस्ता खुला झाला. त्याच रस्त्यानें ज्यूल व्हर्न या फ्रेंच कादंबरीकारानें ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करणारा आपला नायक नेला आहे. १८७३ सालच्या त्या पुस्तकांत गाडी बऱ्हाणपुरास थांबते, उतारू घाईघाईनें न्याहरी उरकतात आणि तापीच्या कांठाकांठानें पुढें निघतात. कादंबरी कल्पित असली तरी न्याहरीची ती घाई अगदीं खरी होती. गाडी थांबली कीं धांवत जावयाचें, चार घांस घशाखालीं उतरवावयाचे आणि शिटी वाजली कीं परत धांवावयाचें, हेंच त्या काळचें प्रवासांतील भोजन.

पुढें श्रीमंत गाड्यांना भोजनाचे डबे लागले. परंतु एका डब्यांतून दुसऱ्या डब्यांत जाण्यास आंतून वाट नसे. म्हणून एका स्थानकावर उतरून भोजनाच्या डब्यांत शिरावयाचें आणि जेवण आटोपलें तरी पुढचें स्थानक येईपर्यंत तेथेंच बसून राहावयाचें, असा प्रकार चाले. १९१२ सालीं सुरू झालेली पंजाब मेल जळगांवावरूनच जाते. आरंभीं तींत वरच्या वर्गाच्या उतारूंसाठीं न्हाणीघर होतें, भोजनाची सोय होती, इतकेंच नव्हे तर त्यांच्या नोकरांसाठीं वेगळी खोलीही होती. तिसऱ्या वर्गाच्या उतारूला या गाडींत जागा मिळाली ती पुष्कळ उशिरां, १९३० नंतरच्या दशकांत.

सामान्य उतारूचें भोजनगृह म्हणजे त्याची शिदोरी. धुळ्याचें एखादें कुटुंब काशीयात्रेस निघालें म्हणजे आदल्या दिवसापासून चुलीला उसंत नसे. पहिल्या जेवणाला कळण्याची भाकरी, वांग्याचें भरीत आणि ठेचा; पुढच्या दिवसांसाठीं दशम्या, चटणी, लोणचें आणि लाडू. दशमीची कणीक पाण्याऐवजीं दुधांत भिजवीत. त्यामुळें ती मऊ राही, शिवाय पाण्याचा स्पर्श नाहीं म्हणून सोंवळ्यांतही चाले. सोबत फिरकीचा तांब्या, सतरंजींत गुंडाळलेली वळकटी आणि जळगांवाकडच्या केळींचा घड. चाळीसगांवास गाडी बदलावयाची असे, म्हणून फलाटावरच सतरंजी पसरली जाई आणि मुलें तेथेंच झोंपीं जात.

डब्यांत शिरल्यावर खरी परीक्षा होई. शेजारीं कोण बसला आहे हें तिकीट देणारा कारकून विचारीत नसे. स्थानकास्थानकावर ‘हिंदु पाणी’, ‘मुसलमान पाणी’ अशा आरोळ्या उठत आणि तहानेलाही जात लावली जाई. कित्येक वृद्ध स्त्रिया मुक्कामास पोंचेपर्यंत केवळ फळांवर राहत. परंतु नातवाला हा नियम पाळणें कठीण. समोरच्या बाकावरील अनोळखी बाईनें लाडू पुढें केला, कीं मूल आधीं आजीकडे पाही आणि मग लाडवाकडे. आजी खिडकीबाहेर पाहूं लागे, आणि तेवढ्यांत लाडू नाहींसा होई. व्याख्यानांनीं जें झालें नाहीं, तें अशा खिडकीबाहेर पाहण्यानें पुष्कळदां झालें आहे.

१९०२ सालीं गांधीजी कलकत्त्याहून राजकोटास तिसऱ्या वर्गानें निघाले, तेव्हां नामदार गोखल्यांनीं त्यांना एक धातूचा डबा दिला आणि त्यांत लाडू व पुऱ्या भरविल्या. ते स्वतः स्थानकावर निरोप द्यावयास गेले आणि म्हणाले कीं, तुम्ही पहिल्या वर्गानें जातां तर आलों नसतों. एवढ्या मोठ्या पुढाऱ्याला एका उतारूच्या शिदोरीची काळजी वाटावी, यांत फार मोठा अर्थ आहे. पुढें १९१७ सालीं गांधीजींनीं तिसऱ्या वर्गाच्या हालांवर स्वतंत्र लेख लिहिला आणि डब्यांतील घाण, गर्दी व निकृष्ट खाणें यांकडे सरकारचें लक्ष वेधलें.

शिदोरी घरून आणतां येते, झोंप आणतां येत नाहीं. वरच्या वर्गाला गादीचा लांब बांक. तिसऱ्या वर्गाला लांकडाची फळी, आणि तीही बसण्यापुरती. लेंकरें बांकाखालीं वळकटीवर, बाप ट्रंकेवर, आई कोपऱ्यांत बसल्या बसल्या डुलक्या घेत आहे आणि इंजिनाच्या धुराबरोबर कोळशाची कणी डोळ्यांत जात आहे, असें चित्र डब्याडब्यांत दिसे. स्वातंत्र्यानंतर रात्रींच्या निजण्यासाठीं राखीव फळ्या आल्या आणि १९७४ सालीं ‘तिसरा वर्ग’ हें नांवही गेलें. फळी मात्र कठीणच राहिली. १९७७ सालीं मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले. मूळचे अहमदनगरचे आणि राजापूर मतदारसंघांतून निवडून आलेले हे समाजवादी गृहस्थ. त्यांनीं या लांकडी फळ्यांवर सुमारें दोन इंच जाडीची मऊ बैठक बसविण्यास आरंभ केला. २६ डिसेंबर १९७७ रोजीं मुंबई-हावडा गीतांजली एक्स्प्रेस सुरू झाली, तींत वर्गभेदच ठेवला नव्हता. ती गाडी धांवते ती याच खान्देशांतून. दोन इंच ही गोष्ट मोजपट्टीवर क्षुल्लक वाटेल. परंतु रात्रभर लांकडावर कूस बदललेल्या मनुष्याला तिचें मोल विचारावें.

आतां दूरध्वनीवरून मागविलेलें गरम जेवण बसल्या जागीं येतें आणि रात्रीं दहापासून सकाळीं सहापर्यंतचा काळ निजण्याचा, असा नियमही आहे. परंतु हा नियम ज्याच्याजवळ राखीव जागा आहे त्याच्यासाठीं. त्याच गाडीच्या टोंकाला बिनराखीव डबा असतो. तेथें रोजगारासाठीं निघालेला तरुण अजूनही दाराशीं उकिडवा बसून रात्र काढतो. त्याच्या पिशवींत भाकरी असते. निजण्यास हातभर जागा नसते. राष्ट्राची प्रगति गाडीच्या वेगावरून मोजण्याची पद्धत आहे. ती एखादे वेळीं त्या शेवटच्या डब्यांत शिरून मोजावी. दंडवत्यांनीं आरंभिलेलें काम तेथपर्यंत अद्याप पोंचावयाचें आहे; आणि तें पोंचेपर्यंत, राखीव जागेवर डबा उघडणाऱ्यानें एक दशमी शेजाऱ्यापुढें करावी आणि चार बोटें सरकून त्याला जागा द्यावी, एवढें तरी कोणत्याही नियमावांचून होण्यासारखें आहे.