रेल्वे नसलेले स्टेशन

दौंडच्या माणसाला “ठेसन कुठं?” म्हणून विचारा, तो लगेच हात करून दाखवील. तोच प्रश्न शिरूरला विचाराल तर ऐकावे लागेल, “इथं कुठलं ठेसन? ठेसन दौंडला, नाहीतर नगरला. इथं एस.टी.चा स्टँड हाय.”

मीही याच समजुतीत होतो. एकदा एका मुलाने निबंधात लिहिले, ‘१८१७ साली शिरूर हे इंग्रजांचे मोठे स्टेशन होते.’ मी तांबड्या शाईने काट मारली आणि समासात लिहिले, ‘शिरूरला रेल्वे नाही.’ मुलगा काही बोलला नाही. वही घेऊन जागेवर जाऊन बसला.

चूक माझी होती. आपल्या देशात पहिली प्रवासी गाडी मुंबई-ठाणे मार्गावर धावली ती १८५३ साली. दौंड-मनमाड रस्ता १८७८ चा. त्याच्या कितीतरी आधी शिरूरला, म्हणजे आपल्या घोडनदीला, इंग्रजी फौजेची छावणी होती. कर्नल वॉलेस तिथेच १८०९ साली वारला. लोक त्याच्या थडग्याला सत्पुरुषाचे स्थान मानू लागले. कोरेगावच्या लढाईत लढलेली कॅप्टन स्टाँटनची तुकडी ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री निघाली ती इथूनच. फौज जिथे ठाण मांडून राहते ते स्टेशन, असाच तेव्हाचा अर्थ होता. पोराने बरोबर लिहिले होते.

हा शब्द मूळचा लॅटिन. त्याचा अर्थ उभे राहणे, उभे राहण्याची जागा. रोमन शिपायांच्या पहाऱ्याच्या चौकीलाही तोच शब्द होता. फ्रेंचांकडून तो इंग्रजीत आला. पुढे टपालाच्या घोडागाड्या वाटेत जिथे थांबत ते स्टेशन झाले, आणि आगगाडी आली तेव्हा तयार असलेला शब्द तिला मिळाला. हिंदुस्थानात तर गोऱ्या अंमलदारांची वस्ती असलेल्या गावालाच स्टेशन म्हणत. म्हणून महाबळेश्वर हिल स्टेशन! तिथे रुळाचा तुकडा शोधूनही सापडायचा नाही.

शिक्षकबंधूंनो, तुमच्या रोजच्या कामातली गंमत तर पुढेच आहे. जुन्या काळी युरोपात पुस्तके विकणारे बहुतेक गावोगाव फिरत, आपल्या आठवडे बाजारातल्या विक्रेत्यांसारखे. एखादा मात्र विद्यापीठाजवळ कायमचे दुकान थाटून बसे. एका जागी ठाम असलेला म्हणून तो ‘स्टेशनर’, आणि त्याच्याकडचे कागद, दौत, लेखणी ती ‘स्टेशनरी’. वह्या-पेन्सिली कुठे हलत नाहीत म्हणून नव्हे, दुकानदार हलत नव्हता म्हणून! याच उच्चाराचा दुसरा शब्द, ‘न हलणारा’ या अर्थाचा, इंग्रजीत एका अक्षराने वेगळा लिहितात. त्यापायी पोरांचे किती गुण जातात ते तुम्ही जाणताच.

आता आपल्या घरात पाहा. संस्कृतातला ‘स्था’ हा धातू लॅटिन शब्दाचा सख्खा भाऊबंद. त्यातून आपले स्थान, स्थानक, ठाणे, ठाण. पोलीस स्टेशनला आपण पोलीस ठाणे म्हणतो तेव्हा परक्या शब्दाला नुसता प्रतिशब्द देत नाही, त्याच्या चुलतभावाला पुढे करतो. खेड्यातल्या तोंडाने स्टेशनचे ठेसन केले आणि नकळत त्याला ठाण्याच्या शेजारी आणून बसवले. शिरूरचा ‘स्टँड’ही त्याच कुळातला. १ जून १९४८ रोजी एस.टी.ची पहिली गाडी पुणे-अहमदनगर रस्त्यावर धावली, ती शिरूरवरूनच. तेव्हा ठेसन नाही म्हणणाऱ्या शिरूरकराच्या तोंडी तोच शब्द दुसऱ्या वेषात असतो.

पुढल्या सोमवारी मी ती वही मागून घेतली. तांबडी काट काही पुसता येईना. तिच्याखाली ‘तुझे बरोबर, माझे चूक’ असे लिहून सही केली, आणि वर्गाला ही सारी हकीकत सांगितली. पोरगा आता धीट झाला होता. त्याने विचारले, “मग गुरुजी, रेडिओ स्टेशनात काय उभं असतं?”

मी म्हटले, “बोलणारा तर बसलेलाच असतो, बाबा.”