विनामूल्य सत्र आणि दानपेटी



दर रविवारी सकाळी विहारात योगासने आणि त्यानंतर सामुदायिक वंदना व सूत्रपठण असे विनामूल्य सत्र सुरू करावे, त्यातून रुग्णांसाठी निधी उभारावा, असा विचार मंडळापुढे आहे. माझे त्यास अनुमोदन आहे. मात्र सत्र विनामूल्य म्हणायचे आणि दाराशी पेटी ठेवून प्रत्येकाच्या हाताकडे पाहायचे, तर ती फीच झाली. आकडा तेवढा छापलेला नाही.

सत्यनारायण गोयंका गुरुजींनी १९६९ साली मुंबईत भारतातले आपले पहिले विपश्यना शिबिर घेतले. पुढे इगतपुरीला धम्मगिरी उभे राहिले. दहा दिवसांचे राहणे, जेवण, शिकवणे यांचे शुल्क नाही आणि ज्याने एकही शिबिर पूर्ण केलेले नाही, त्याचे दान तेथे घेतही नाहीत. लाभ झाला असे वाटल्यास पुढच्या साधकासाठी द्यावे. हा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. पण ते दान शिबिरांसाठीच असते. आपल्याला पैसा विहाराबाहेर, आजाऱ्याच्या उशाशी न्यायचा आहे.

त्याचा धडा गाडगेबाबांकडे मिळतो. त्यांच्याजवळ भांडवल कसले? एक आवाज आणि एक खराटा. कीर्तनाची बिदागी नाही, कोणाला पाया पडू देत नसत. लोकांनी दिलेल्या पैशांतून नाशिक, आळंदी, पंढरपूर येथे धर्मशाळा झाल्या आणि बाबा मात्र चिंध्या पांघरून राहिले. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली, हे आपल्या मुलांना ठाऊक असावे. आपल्या पैशातला धागाही बाबांच्या अंगावर चढत नाही, हे लोकांना दिसत होते. म्हणून ते देत.

आपल्या दोडामार्गातला गंभीर रुग्ण बांबोळीला न्यावा लागतो. २०१८ साली गोव्याने परराज्यातील रुग्णांना तेथे शुल्क लावले, तेव्हा या तालुक्यात आंदोलन झाले. उपचार मोफत मिळाले तरी सोबत्याचे भाडे, जेवण आणि बुडालेली मजुरी कोण भरून देणार? आपला निधी लहानच असणार. तो नेमका येथेच लागावा.

म्हणून माझी सूचना अशी. सतरंज्या, वीज, चहा यांचा खर्च सभासदांच्या वर्गणीतून व्हावा; निधीला हात लागू नये. शिकवणाऱ्याने मानधन घेऊ नये. सत्र चालू असताना पेटी समोर नको आणि देणगीदारांची नावे फळ्यावर नकोत, नाहीतर ज्याच्या खिशात काही नाही तो दुसऱ्या रविवारी येणारच नाही. मदत मागायला आलेल्याला जात, धर्म किंवा सत्राची हजेरी विचारू नये. दर पौर्णिमेला जमाखर्च मोठ्याने वाचावा. रुग्णाचे नाव मात्र वाचू नये.

हिशेबाची वही दहावी-बारावीच्या मुलामुलींकडे द्यावी असे मला वाटते. दोघांनी लिहावे, तिसऱ्याने तपासावे. कोणाची तयारी असेल त्याने सभा संपल्यावर चिटणीसांना नाव द्यावे.